मसाल्याची खोली

इतवारा, बऱ्हाणपूर
रविवार, ६ सप्टेंबर २००९

चि. अनंत यास लीलामावशीचे आशीर्वाद.

शुक्रवार, २८ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा वाजता, शालिग्रामशेठच्या चिप्सच्या कारखान्यात, सगळ्यांदेखत, तू अलकाचं वाक्य अर्ध्यावर तोडून तिला खाली बसवलंस. मी मागच्या रांगेत होते. तेव्हा ‘तसं नव्हतं, मावशी’ अशी उत्तराची सुरुवात करू नकोस.

बाकी इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा, विमलचा, गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, पितरांना जेवायची घाई नसते, पाटावर बसून स्वयंपाक कर. इथे रोज एक तरी सर येते. भिंतींना ओल आहे आणि मीठ बरणीतच पाझरतं आहे.

तुमच्या ग्रुप कन्सल्टन्सी प्रोजेक्टबद्दल मला कौतुक वाटावं अशी तुझी फार इच्छा होती. पाच विद्यार्थी, दोन महिने, एक कारखाना. मालकाला सल्ला मिळतो, मुलांना अनुभव मिळतो आणि तुझ्या संस्थेला नाव मिळतं. ज्यांनी केळीचा घड फक्त हातगाडीवर पाहिला, ती पोरं शालिग्रामशेठला केळीचा धंदा शिकवणार! मी हसले नाही, कारण त्या पाचांत आपली अलका होती. माझा भाऊ दिगंबर गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. माझी भाची, तुझी सख्खी मामेबहीण. गेल्या दिवाळीत तूच माझ्या चकल्या खात तिला सांगितलंस, ‘फूड इंडस्ट्रीत ये. पाच वर्षांत क्वालिटी हेड होशील.’ तू आखून दिलेला तो करिअर प्लॅन तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. देवाची तसबीरसुद्धा तिने इतकी सरळ कधी लावली नाही.

आता त्या शब्दाबद्दल.

चिप्सवर सैंधव, मिरी आणि जिरं घालतात, तो मसाला. आणि शेठच्याच शेजारच्या वखारीत केळी लवकर पिकावी म्हणून कागदाच्या पुड्यांतून कार्बाइड ठेवतात, तोही बऱ्हाणपुरात मसालाच. बंदी असलेल्या वस्तूला कोण खऱ्या नावाने हाक मारणार? हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. इंदूर-भोपाळच्या तुझ्या चार विद्यार्थ्यांना नव्हतं. त्यांनी कामगारांना विचारलं, मसाला कुठे ठेवता? कामगार म्हणाले, थोडा इकडे, थोडा वखारीत. झालं. रिपोर्टात ‘स्पाइस’ असा शब्द लिहून त्यांनी सल्ला दिला की दोन ठिकाणी मसाला ठेवल्याने जागा आणि माणूस वाया जातो. सगळा मसाला एकाच खोलीत आणावा, आणि ती खोली तळणीला लागून असावी.

अलका उभी राहिली. ‘सर, वखारीतला मसाला म्हणजे...’

‘अलका, लोकल गोष्टी नंतर,’ तू म्हणालास. घड्याळाकडे पाहिलंसही.

शालिग्रामशेठ खुर्चीत मागे रेलून हसला. ‘अरे बिटिया, मसाला म्हणजे मसालाच ना! प्रोफेसर साहेबांनी लिहून दिलं, अब और काय पाहिजे?’

टाळ्या झाल्या, पेढे झाले. पेढ्यांच्या पाठोपाठ अलकाच्या हातात नोकरीचा कागद आला: ट्रेनी क्वालिटी ऑफिसर, नव्या मसाल्याच्या खोलीची किल्ली तिच्याकडे. तिचा चेहरा तू पाहिलास का? मी पाहिला. पेढा तिने हातातच धरून ठेवला होता.

मला खरंच वाटलं, तुझ्या ध्यानात आलं नसेल. माणूस फार शिकला की घरचे शब्द विसरतो. पण रिक्षात बसल्यावर आठवलं. सातवीत असताना वखारीतून एक पुडी चोरून तू गल्लीतल्या डबक्यात टाकली होतीस, वर आलेल्या बुडबुड्यांना काडी लावली होतीस आणि जळतं पाणी दाखवायला सगळा इतवारा गोळा केला होतास. विमलने तुला लाटण्याने बदडलं, सोडवलं मी. तुला मसाला म्हणजे काय ते माहीत नाही?

तुला सगळं माहीत होतं. कार्बाइड हा शब्द लिहिला असतास तर शेठने रिपोर्ट हातात धरला नसता, आणि पुढच्या वर्षी तुझ्या मुलांना त्या कारखान्याचं फाटक उघडलं नसतं. शेठला तर तुमचा सल्ला म्हणजे लॉटरीच. तपासणीला आलेला माणूस वखार पाहतो. जिऱ्या-मिऱ्याच्या डब्यांमागे कशाला हात घालेल? आणि घातलाच, तर तिथे तुझा रिपोर्ट आहे: स्पाइस. मी गिरणीच्या ऑफिसात साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप करण्यात उमर घालवली. पक्कं खोटं लिहिणारे खोटं वाक्य लिहीत नाहीत रे, खरा शब्द तेवढा गाळतात.

वर ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहिलं, ते हाताला सवय आहे म्हणून. ठीक नाही.

मंगळवारी अलकाची ओढणी धुवायला घेतली, तर लसणाचा वास.

‘कसला वास गं हा?’

‘मसाल्याचा, आत्या.’

‘नवरात्राच्या चिप्स ना तुमच्या? उपासाला लसूण कधीपासून चालायला लागला?’

तिने ओढणी माझ्या हातातून घेतली आणि मोरीत जाऊन स्वतः धुतली. दार लावून. कार्बाइडला ओल लागली की कसला वास येतो ते तिला कळतं, मला कळतं, आणि त्या डबक्यापासून तुलाही कळतं. शेठने वखारीतल्या पुड्या सोमवारीच त्या नव्या खोलीत हलवल्या, आणि तिचं टेबल तिथेच आहे. भिंतीपलीकडे कढया.

शुक्रवारी तळणीवरची सोजरबाई जिऱ्याचा डबा आणायला गेली. तिने दार उघडलं आणि तिच्या पाठीमागच्या भट्टीपासून आतपर्यंत जाळाचा भपका उठला. क्षणभराचाच. मी काल तिला पाहून आले. ‘काही नाही हो बाई,’ म्हणाली, ‘भुवया गेल्या माह्या. मालक म्हने, क्रीम लाव. आमच्या घरच्या ह्यायले म्हटलं, चला, या निमित्तानं तरी तुमी माह्या तोंडाकडे पाह्यलं.’ स्वतःच हसली. उजवा हात तिने पदराखालून बाहेर काढला नाही.

कारखान्याच्या कागदावर ‘तेल उडाले’ असं आहे. खाली सही अलकाची.

मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, ‘आत्या, तू कोणाला लिहू नको ना. सर बोलले, प्रोबेशन निघून जाऊ दे, मग बघू.’ म्हणजे तू तिच्याशी बोललास. भपक्यानंतर बोललास. अनंत, हे वाक्य मी लिहून तीनदा वाचून पाहिलं, त्यातून दुसरा अर्थ निघत नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी ताट वाढते, ती उपाशी राहते. मी तिला खोलीत कोंडून ठेवायचाही विचार केला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आम्हाला कोंडत असत. पण तेवीस वर्षांच्या मुलीला किती दिवस कोंडणार?

कलेक्टरसाहेबांना लिहिलेला अर्ज माझ्याकडे तयार आहे, इंग्रजीत, एकही चूक न करता. पाठवला नाही, कारण किल्ली अलकाकडे, सही अलकाची. शेठ हात वर करेल, तू रिपोर्ट पुढे करशील आणि सापडेल ती. म्हणून आधी तुला लिहिते आहे.

सोमवार, १४ तारखेपासून इच्छापूरच्या देवीच्या नवरात्रासाठी चारही कढया दिवसरात्र चालणार आहेत. त्याआधी मला संस्थेच्या कागदावर, तुझ्या सहीनिशी, शालिग्रामशेठला लिहिलेल्या पत्राची प्रत हवी. त्यात कार्बाइड हा शब्द हवा. एका खोलीचा सल्ला मागे घेतला असून माल आजच बाहेर काढावा, असं हवं. आणि २८ ऑगस्टला अलका हेच सांगायला उठली होती व तू तिला बसवलंस, हेही हवं. ई-मेल चालणार नाही. फोन करशील तर मी उचलणार नाही. तुझा आवाज गोड आहे आणि मी म्हातारी आहे.

मुदत गुरुवार, १० सप्टेंबर, संध्याकाळी पाच. शुक्रवारी कचेरी उघडताच माझा अर्ज आत जाईल, अलकाच्या नावासकट. तिची नोकरी जाईल, कदाचित पुढची कुणी देणारही नाही. ती मला जन्मभर क्षमा करणार नाही. न करो. रुसलेली का होईना, पोर मला घरात चालताफिरताना दिसली पाहिजे.

लेखी उत्तराची वाट पाहणारी, गुरुवारी पाच वाजेपर्यंत तुझी,

लीलामावशी