साडेबारा फेऱ्या

८ जानेवारी

चि. तुरतुरी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वेळा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिल्या. पाच किलोमीटरची जलद चाल एकतीस मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत! बत्तीसच्या आत तू तिशीतसुद्धा कधी आली नव्हतीस. चव्वेचाळिसाव्या वर्षी लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात. आणि ती नववी फेरी! अठ्ठावीस वर्षं मी तिच्यावर डोकं आपटतो आहे. आठव्या फेरीपर्यंत घोडा, नववीला गाढव, दहावीला पुन्हा घोडा, अशी तुझी तऱ्हा. या वेळी नववी फक्त एका सेकंदाने मागे आहे. म्हणजे नोव्हेंबरात पाठवलेला सरावाचा आराखडा लागू पडला.

पुढचे चार आठवडे असे. सोमवारी आठ फेऱ्या संथ. बुधवारी सहा जलद, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं विश्रांती. शनिवारी पूर्ण साडेबारा. पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ राहतो का, ते कुणाला तरी उभं करून पाहायला सांग. पंचांना जगात दोनच गुन्हे दिसतात, वाकलेला गुडघा आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटणं. तिसरं लाल कार्ड आलं की थेट घरी.

प्रौढांच्या स्पर्धेचा तुझा अर्ज मी भरून टाकला आहे. शर्यत १५ मार्चला, तुमच्याच गावात. नाव मागे घ्यायची मुदत १० फेब्रुवारी आहे, पण ती आपल्याला कशाला लागते? मी नव्या खुब्यासकट येणार. काठी घेऊन प्रवास करायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि तिकीट काढून झालं आहे.

वहिनी ठीक. शनिवारच्या वेळा न चुकता पाठवाव्यात. लोभ आहेच.

दादा


१६ जानेवारी

ती. स्व. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी नेलंस तरी दादाच्या हाती पडू देऊ नकोस.

वहिनी, ऑक्टोबर संपल्यापासून मी एक फेरीही चाललेले नाही. दादाला दर आठवड्याला जात असलेल्या वेळा सगळ्या माझ्या मनच्या आहेत.

सुरुवात अशी झाली, की पहिल्या आठवड्यात मला ताप होता. त्याचं खुब्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. तेव्हा त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून मागच्याच वेळा थोड्या इकडेतिकडे करून पाठवल्या. दुसऱ्या आठवड्यात ताप नव्हता. मैदानावर गेले, बुटांच्या नाड्या बांधल्या, बाकावर बसले, आणि अर्ध्या तासाने नाड्या सोडून परत आले. तिसऱ्या आठवड्यात मैदानावर गेलेच नाही.

तुला हसू येईल, पण खोटं मी फार प्रामाणिकपणे लिहिलं. बारा फेऱ्या आणि वरची अर्धी, असे तेरा आकडे दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर बसून घडवायचे. जुनेच आकडे पाठवले तर त्याला संशय येईल, वाईट पाठवले तर काळजी वाटेल. म्हणून दर वेळी दोन सेकंद कमी. ऊन असलं तर शेवटच्या फेऱ्या जरा जड करायच्या. नवव्या फेरीचं दुखणं मी इमानाने सांभाळलं होतं, पण त्याची दया येऊन तेही हळूहळू बरं केलं. आता कागदावर मी आजवरची सर्वांत वेगवान मी आहे, आणि प्रत्यक्षात जिना चढले की धाप लागते. हे म्हणाले, की एवढं डोकं लावण्यापेक्षा चालून येणं सोपं गेलं असतं.

मला हा खेळ सोडावासा वाटतो. पण हे दादाला सांगू कसं? फोनवर तर तो दोन वाक्यं बोलून तुझ्याकडे देतो. आणि सोडावंसं वाटणं खरं आहे, की मी नुसत्या आळसाला मोठं नाव देते आहे, हेही मला ठरवता येत नाही. तू मला जशी आहे तशी ओळखतेस. काय करू ते सांग.

रागावलीस तर तो तुझा हक्क आहे. लोभ मात्र कमी करू नये.

तुझी,
तुरतुरी


२३ जानेवारी

चि. सौ. वन्संस अनेक आशीर्वाद.

शाळेच्या कार्यालयात बसून पत्र वाचलं. आधी हसले, मग घाम फुटला. तुझे ते तेरा आकडे आमच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेले आहेत. त्यांच्या खाली दर आठवड्याचे आकडे, लाल पेन्सिलीने जोडलेले, जिन्यासारखे उतरत गेलेले. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना तुझे भाऊ ते जिने दाखवतात. त्या बिचाऱ्या परवा म्हणाल्या, की यांच्या बहिणीच्या फेऱ्या मला माझ्या मुलाच्या पाढ्यांपेक्षा जास्त पाठ झाल्या आहेत.

आता माझं ऐक. मी कुणाची चहाडी करत नाही, पण दुसऱ्याचं खोटंही फार दिवस पोटात ठेवत नाही, मला पित्त होतं. तुला आठ-दहा दिवस देते. तू लिहिलंस तर उत्तम. नाही लिहिलंस तर मी एके सकाळी बोलून मोकळी होईन. तुझं म्हणणं माझ्या तोंडून ऐकणं त्यांना जास्त लागेल.

आळसाचं म्हणशील, तर अठ्ठावीस वर्षं पहाटे उठलेल्या बाईला तीन महिन्यांत कुणी आळशी म्हणत नाही. मला वेगळंच विचारायचं आहे. तू चालण्याला कंटाळलीस, की त्यांना? राग मानू नकोस. मी त्यांच्यासोबत राहते, म्हणून विचारण्याचा अधिकार मला आहे. याचं उत्तर मला देऊ नकोस. त्यांना लिहिण्याआधी स्वतःला दे.

तब्येत सांभाळ. जिना हळू चढ. लोभ आहे तसाच आहे, घाबरू नकोस.

वहिनी


२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

या पत्रात वेळा नाहीत. ऑक्टोबरनंतर पाठवलेल्या एकाही पत्रात खऱ्या वेळा नव्हत्या. त्या मी घरी बसून लिहिल्या. ताप आला म्हणून सुरुवात झाली हे खरं आहे, पण ताप तीन दिवसांचा होता आणि खोटं तीन महिन्यांचं. त्याला सबब नाही. तू त्या आकड्यांवर विश्वास ठेवून आराखडे करत राहिलास, याची मला लाज वाटते.

कबूल करायचं धैर्य कुठून आलं तेही सांगते. मागच्या आठवड्यात माझ्या चष्म्याच्या दुकानात एक गृहस्थ डोळे तपासायला आले. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटला. मी तक्ता बदलला, तर दुसरीच ओळ वाचता येईना. बाहेर बसल्याबसल्या त्यांनी तो पाठ केला होता. नंबर वाढला तर मुलगा गाडी चालवू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना जरा कडक शब्दांत म्हटलं, की तुम्ही मला फसवाल, पण समोरून येणाऱ्या वाहनाला कसं फसवाल? ते गेले आणि मी पहिला तक्ता पुन्हा भिंतीवर लावला. दर शनिवारी मीही तक्ता पाठ म्हणून दाखवत होते.

खेळातली गोडी कधी गेली, तो दिवस मला सापडत नाही. गेल्या वर्षी मी तिसरी आले. गळ्यात पदक पडलं तेव्हा एकच वाटलं, सुटले. मग लक्षात आलं, की सुरुवातीच्या रेषेवर उभी असतानाही माझ्या मनात हेच होतं, कधी एकदा सुटते. मधली बत्तीस-तेहतीस मिनिटं मी फक्त गुन्हा होऊ नये म्हणून चालत होते. परवा बस चुकेल म्हणून मी धावले. दोन्ही पाय जमिनीवरून सुटत होते, गुडघे वाकत होते, पिशवी उडत होती, आणि मी एकटीच हसत होते. कंडक्टरला वाटलं असेल, बाईंचं काहीतरी बिनसलं आहे.

तरी मी स्वतःला विचारलं, की हा तात्पुरता वीट आहे का? वय, थकवा, तू जवळ नसणं? म्हणून गेल्या आठवड्यात सलग सहा दिवस मैदानावर गेले. चार दिवस चालले. पाय चालले, मी नाही. पाचव्या दिवशी बाहेरच्या रस्त्याने साधी, घड्याळाशिवाय चालले आणि बरं वाटलं. सहाव्या दिवशीही. म्हणजे मी चालण्याला कंटाळले नाही. मोजून घेण्याला कंटाळले.

आता खरी भीती. तुझी सगळी पत्रं मी काल पलंगावर काढून ठेवली. त्यात फेऱ्यांचा उल्लेख नाही असं एकही पत्र नाही. आपले नाना गेले त्यानंतरच्या पत्रातसुद्धा तू लिहिलं होतंस, की पंधरा दिवस विश्रांती चालेल, मग तीन संथ फेऱ्यांनी सुरुवात कर. वडील दोघांचे गेले होते, दादा. मी त्या पत्रात काहीतरी शोधत राहिले आणि मग तीन संथ फेऱ्या चालून आले. इतकी वर्षं मी चालत राहिले ती पदकांसाठी नाही. चालणं थांबलं तर तू मला कशासाठी लिहिशील, हे मला कळत नव्हतं. अजून कळत नाही.

स्पर्धेतून माझं नाव मी आज दुपारी जाऊन काढून घेतलं. हे पत्र टाकण्याआधी काढलं. तुझ्या उत्तरावर ते अवलंबून ठेवलं असतं, तर उद्या मी सोडलं किंवा न सोडलं याचा दोष तुझ्या माथी मारला असता. माझा स्वभाव मला माहीत आहे.

तिकीट रद्द करायचं असेल तर कर. राग आला तर तोही लिही. लोभाबद्दल काही मागण्याचा हक्क या पत्रापुरता मी गमावला आहे, तरी मागते.

तुझी,
तुरतुरी


२६ फेब्रुवारी

चि. तुरतुरी हिस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली. पहिलं फार वाईट होतं. दुसरं वाईट नव्हतं, पण त्यात मी तुला नाव परत कसं घालता येईल ते कळवलं होतं. वहिनीने वाचलं आणि केराची टोपली पुढे सरकवली.

मला राग आला, हे लपवत नाही. नवव्या फेरीचा सर्वांत जास्त आला. बाकी वेळा खोट्या निघाल्या ते एक वेळ चालेल, पण ती बरी झाली म्हणून मी चार माणसांना सांगितलं होतं. कपाटावरचे कागद मी काढून टाकले. मग दोन दिवस व्यायामाच्या बाईंना दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनीने उघडलं. बाईंनी विचारलं, की बहीण तिकडे दर आठवड्याला दोन सेकंद पुढे जाते आणि तुम्ही इकडे खोलीतच का? मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, की डिसेंबरात मी पलंग ते दार चालत होतो, जानेवारीत दार ते गॅलरी, आणि आता खालच्या फाटकापर्यंत जाऊन येतो. दर आठवड्याला तुझं पत्र आलं, की तू दोन सेकंद काढलेस म्हणून मी दोन पावलं वाढवायची, असा माझा हिशोब होता. तुझ्या फेऱ्या खोट्या होत्या. माझी पावलं मात्र खरी आहेत, ती आता परत करता येणार नाहीत. तेव्हा खोटं बोलल्याबद्दल तुला माफ करायचं की नाही, हा विषय मी सोडून दिला आहे.

तुझ्या पत्रातला एक परिच्छेद मी रोज वाचतो. नाना गेले तेव्हाचा. त्यांचे दिवस उरकून मी परत कामावर आलो, त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो. शिपायाने पाणी आणून दिलं. घरी येऊन तुला लिहायला बसलो, तर काही सुचेना. तू एकटी रडत असशील एवढंच डोळ्यांपुढे येत होतं, आणि त्यावर काय लिहितात ते मला माहीत नव्हतं. तीन फेऱ्या माहीत होत्या. त्या लिहिल्या.

तिकीट रद्द केलेलं नाही. १४ मार्चला सकाळी पोहोचतो, दोन दिवस राहीन. मैदानाकडे न्यायची गरज नाही. तिथे नाही गेलो तर आपण दोघं करायचं काय, असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, बोला. मी म्हटलं, कशाबद्दल? तिने कपाळावर हात मारून घेतला आणि सांगितलं, की आधी बहिणीला चार गोष्टी विचारा, म्हणजे सुचेल.

म्हणून विचारायला बसलो. तुझ्या दुकानाला खिडकी आहे का, हे मला माहीत नाही. दुपारी तू कुणाबरोबर जेवतेस, माहीत नाही. डोळे तपासायचं काम तुला आवडतं की नुसतं करतेस, तेही नाही. तू सकाळी सव्वासातला मैदानावरून निघतेस, एवढं मला अठ्ठावीस वर्षं पाठ आहे. तिथून पुढे तुझा दिवस कसा जातो, ते सविस्तर लिही. कितीही लांबलं तरी चालेल.

वाट पाहतो आहे. लोभ कसा मागतात ते मला नीट येत नाही, असू दे.

दादा