वर्गात लागलेला डोळा

ती. आईस,
लेकीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. मॅट्रिकनंतर सुटलेलं शिक्षण सासरी पुन्हा सुरू झालं, तेही छान चाललंय. परवा फक्त वर्गात माझा डोळा लागला. बाईंनी बाक वाजवला, तशी मी ताडकन उठून म्हणाले, "आले हं, सासूबाई." वर्ग पोट धरून हसला.

मला मात्र धडकी भरली. घरी कळलं तर कॉलेज बंद. शेजारची मुलगी माझ्याच वर्गात, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून मीच सांगून टाकलं. सासूबाईंनी निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तिथंही मीच का तुझ्या मानगुटीवर? उद्यापासून सकाळचा स्वयंपाक माझा. तू झोप."

लहानपणी मी झोपेत असतानाच तू माझ्या वेण्या घालायचीस आणि मी कुरकुरायचे. मोठं व्हायची केवढी घाई होती तेव्हा. आता कुणी "झोप" म्हटलं की डोळे भरून येतात.

बाबांचा खोकला कमी आहे ना? खरं कळव.

आज उठले तर देवापुढे दिवा लागलेला, माझा डबा भरलेला. देवाआधी सासूबाईंच्या पाया पडले. "पुरे," म्हणाल्या, "पहिला तास चुकेल."

तुझी,
शिकणारी लेक