बेस म्हंजे नक्की कोण?

मुक्काम कोइमतूर

दाजी आप्पासो यांच्या पायांवर अर्जुनाचं डोकं (हितनंच टेकलंय, गोड मानून घ्या). मी बेस हाय. तुमी, आक्का, म्हस, समदी बेस असाल. पर 'बेस' लिवताना आता मी दोनदा खोडतो. का, ते ऐका.

सोनं गाळायच्या दुकानातनं पंधरा दिसांची सुट्टी काढून मी जत्रंला विट्याला आलो, आन् तवाच तुमच्या शेजारचा गुंडा पलटणीतनं रजेवर आला. संगं ती बेस गिटार. त्येची बेलबाटम इजार असली, की त्यो चालंल तशी गल्ली झाडून निघायची. गिटारीला तारा किती, तर चार! आवं, बाजंला सुतळ्या सुदिक जास्त असत्यात. आवाज म्हंजे रेड्यानं ढेकर द्यावा तसा. पर तुमची बहीण शालू (मला च्या देताना मान वर करत न्हाई) हिनं तुमच्या म्होरल्या सोप्यात त्या गिटारीला टेकायला पाट दिला. मी उंबऱ्यावर.

जत्रंदिवशी सकाळी गुंडा दाढीला गेला आन् सोप्यातल्या गिटारीची सगळ्यात जाड तार फाडदिशी तुटली (आपसूक, उन्हानं). असली तार पुण्याच्या अलीकडं मिळत न्हाई म्हणं. अर्ध्या दाढीनंच गुंडा रडकुंडीला आला. मला लय वाईट वाटलं (घटकाभर). तवर शालू म्हणाली, "अर्जुनरावांना तारंतलं कळतंय. ते करत्याल."

मग काय! भजनातल्या वीणेची पोलादी तार काढली (वीणेकरी आजून बोलत न्हाई), आन् तिच्यावर जळक्या मोटरीची तांब्याची तार गुंडाळली. एक टोक खुंटीला, दुसरं हातड्रिलात. मी दांडा फिरवायचा आन् शालूनं तांब्याची तार ताणून धरायची. दाजी, सोनं गाळताना एवढं सुख मला कवा झालं न्हाई. मी मुद्दाम सावकाश फिरवलं.

सांजच्याला गुंडानं ती वाजवली. पयल्या तारंपरास भारी! जत्रा डुलाय लागली, माणसं गुंडाला खांद्यावर घ्यायला धावली आन् शालू म्हणाली, "बेस हाय!"

म्हैना झाला, ह्योच घोर. ती गिटारीचं नाव घेत हुती, का गुंडा बेस म्हणाली, का माझी तार? त्या नादात परवा शेटजींचं चांदीचं कानकोरणं सोन्यासंगं मुशीत वितळलं. वर गुंडाचं पत्र, रजा वाढवलीया, ऱ्हायलेल्या तीन तारा बी तुझ्याच हातच्या पायजेत. रजा वाढवून त्यो तुमच्या सोप्यात काय करतोय, हे तुमी घरचं मोठं म्हणून बघाय नगो?

आक्काला नमस्कार. शालूला काय लिवावं सुचंना, म्हणून पुढं वाईच जागा सोडलीया.

तुमचा एका बाजूनं मेव्हणा,
अर्जुना

ता. क. : तार उन्हानं तुटली न्हाई. मी गिटारीची खुंटी पिळली, चार येढं दिऊन. गुंडाला बोलू नका. शालूला ठावं हाय, ती दारातच हुती. तरी कुणाला सांगितलं न्हाई, उलट माझंच नाव पुढं केलं. का केलं, देव जाणे.

आणिक ता. क. : शालूला एकदाचं इचारा, बेस कोण? उत्तर तारंनं कळवा (पोष्टाच्या). मातुर नुसतं 'बेस' लिवू नका. नाव घाला.