अस्वलाचा आवाज

रुद्रेशभाऊजी,

तुमी झोपलात म्हणून लिहून ठेवते. आत्याबाईंना घेऊन कपिलधारला चालले, सांजच्याला येईन. भाकरी दुरडीत हाय, पिठलं तेवढं गरम करून घ्या. शिवांजलीला उठवू नका, आज रविवार हाय.

काल तुमी भाड्यानं आणलेला सिनेमा मी चुलीपुढं बसूनच ऐकला. खऱ्या माणसांच्या फुटबॉलमधी कार्टूनचं अस्वल गोलकीपर म्हणं, आन् सगळं बोलणं इंग्रजीत. इंग्रजीचं अक्षर तुमाला कळत न्हाई, मला ठावं हाय. तरी एकेकाचं बोलणं तुमी आपल्या मनानं मराठीत रचून सांगितलं. लेकरू हसून हसून लोळलं. तिचे बाबा गेल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. लई उपकार झाले.

अस्वलाचा आवाज मात्र तुमी ह्यांचा काढला. गोल अडवला की, "काय मालकीणबाई, बघितलं का?" हे लेकीला अगदी असंच म्हणायचे. मी बाहेर का आले न्हाई, ते विचारू नका.

कॅसेट आज परत देऊ नका. सांजच्याला पुन्हा लावा. मी बाहेर येऊन बसते.

तुमची वहिनी