तिसऱ्या रविवारची हरकत

आई,

सकाळपासून डीटीपीवाल्याचे तीन फोन येऊन गेले. शेवटचं प्रकरण आज तपासून दिलं नाही तर पुस्तक नाताळाआधी निघत नाही, आणि नाताळ हुकला की ईस्टरपर्यंत माझ्या पुस्तकाला कुणी विचारत नाही, हे त्याला माझ्याइतकंच पाठ झालंय. तरी प्रूफं बाजूला सारून मी तुला लिहायला बसलेय. दमलेय गं. हे बारावं पुस्तक. लिहायचं मी, छापून घ्यायचं मी, खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या मी, आणि मंचरच्या पोस्टात पार्सलं घेऊन रांगेत उभं राहायचंही मीच. खिडकीतला माणूस दर वेळी विचारतो, "मॅडम, परत लव्हस्टोरीच का?" मी म्हणते, हो बाबा, परत तीच. संगमनेरला, मिरजेला, जालन्याला माझ्या वाचणाऱ्या बाया आहेत. त्यांना तेच लागतं. नायक प्रभूकडं वळून त्याचं तारण दहाव्या प्रकरणाच्या आत झालं पाहिजे, साखरपुड्याच्या आधी हात धरलेला चालत नाही, आणि शेवटी देवळात तीन रविवार लग्नाची सूचना वाचली गेली पाहिजे. पाळक विचारतात, कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगावं. सगळी मंडळी शांत बसते. कुणी उठत नाही. तिथं माझं पुस्तक संपतं. आजवरच्या अकरा पुस्तकांत एकदाही कुणी उठलेलं नाही, आणि ते का, हे तुला वेगळं सांगायला नको.

मी हे ज्या टेबलावर लिहितेय ते तूच दिलेलं आहे. दवाखान्यात मोडीत निघालेलं लोखंडी टेबल तू जुन्नरहून टेम्पोत टाकून आणलंस, स्वतः पांढरा रंग दिलास, आणि म्हणालीस, "लिहायचंच तर पाठ मोडून कशाला लिहितेस, नीट बसून लिही." त्या वेळी आपण दोघी एकमेकींशी जेमतेम बोलत होतो. मी आभारसुद्धा मानले नाहीत. टेबलाचा एक पाय अजून हलतो, खाली पुठ्ठ्याची घडी सारलीय. दर पुस्तकाला घडी बदलते.

त्या रविवारी जुन्नरच्या घरी तू पहाटेपासून चुलीशी होतीस. माझ्या लग्नाची तिसरी सूचना वाचून झाली की होणाऱ्या नवऱ्याच्या घरचे सगळे आपल्याकडं जेवायला यायचे होते. मटणाचं मोठं पातेलं, भाताचं दुसरं, शेजारच्या घरातून आणलेली ताटं. मी हिरवी साडी नेसून तुझ्या मागं-पुढं करतेय, आणि तू खेकसतेयस, "चुलीपासून लांब हो, पदर पेटेल." नऊच्या सुमाराला दवाखान्यातून आया धावत आली. घोडेगावच्या अंगाहून जीपमधून एक बाई आणलीय, लई रक्त जातंय, डॉक्टरसाहेब एकटेच आहेत, सिस्टर, तुमी चला. तू कमरेचा पदर सोडलास, पातेल्यावर झाकण टाकलंस आणि नेसत्या चांगल्या साडीतच गेलीस. उपासना सुरू झाल्यावर, दुसऱ्या गीताच्या वेळी तू येऊन माझ्या शेजारी बसलीस. तुझ्या हाताला दवाखान्याच्या साबणाचा वास येत होता. मी हळूच विचारलं, "ती बाई वाचली का गं?" तू हो म्हणून मान हलवलीस. माझ्याकडं बघितलं नाहीस. मला वाटलं, दमलीस.

मग पाळकसाहेबांनी सूचना वाचली आणि तू उठलीस. "माझी हरकत आहे," म्हणालीस. मला आधी कळलंच नाही की हा आवाज तुझा आहे. पाळकसाहेबांचा चष्मा नाकावर आला. "सिस्टर, काय हरकत आहे?" "ती सांगता येणार नाही." "अहो, कारणाशिवाय हरकत धरता येत नाही." "मग धरू नका. पण मी मुलगी देणार नाही." अख्ख्या देवळात पंख्याचा आवाज येतोय. पलीकडच्या बाकावर त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, अपमानानं घातली. माझा जीव तुटला त्याच्यासाठी. त्याचा बाप ताडकन उठला आणि घरची सगळी माणसं घेऊन चालता झाला. घरी ते मटण संध्याकाळपर्यंत तसंच झाकलेलं राहिलं. शेवटी तू ते वॉर्डातल्या पेशंटच्या नातेवाइकांना वाढून आलीस. मी तुझ्या पाया पडले, भिंतीवर डोकं आपटून घेतलं, तुला नाही नाही ते बोलले. तू एवढंच म्हणालीस, "मला विचारू नकोस." तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पुढं कुणी विचारायला आलं नाही. जिच्या आईनंच हरकत घेतली, तिच्यात काहीतरी असणारच, असं लोक म्हणाले, आणि लोकांचं तरी काय चुकलं? त्यानं वर्षाच्या आत मुंबईकडची मुलगी केली.

पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा तू त्याला खाकी कव्हर घातलंस आणि ओळीखाली बोट धरून आठवडाभर वाचलंस. मी भांडी घासता घासता तिरक्या नजरेनं बघायची, कुठल्या पानावर आहेस ते. वाचून झाल्यावर तू स्वयंपाकघरात आलीस आणि म्हणालीस, "चांगलं लिहिलंयस. पण तुझ्या पुस्तकात कुणीच उठत नाही गं." मी म्हटलं, "उठणारी माणसं मला पुस्तकात तरी नकोत." माझ्या हातातलं भांडं घेतलंस आणि विसळायला लागलीस. आई, ते वाक्य मी किती तरी दिवस घोकून ठेवलं होतं. मनात कधीचं तयार होतं. बोलून झाल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही खरंच आहे. तू गेलीस त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या पहिल्यानंतरची सगळी पुस्तकं मी त्याच वाक्यावर लिहीत आले.

आता यंदाच्या जूनमधलं सांगते. वरची खोली मी अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींना देते. यंदा पश्चिमेकडच्या डोंगरातली एक मुलगी आली. भातशेतीवालं घर, पोरगी हुशार, बोलकी. तिला सोडायला तिची आई आली होती, माझ्याच वयाची. हातात नाचणीच्या पिठाचं गाठोडं. मी चहा करायला आत गेले आणि तो घेऊन बाहेर आले तर ती तुझ्या फोटोसमोर उभी. तोच फोटो, नर्सची टोपी घातलेला. "या बाई कुटं असत्यात आता?" तिनं विचारलं. मी म्हटलं, माझी आई, वारली. ती खालीच बसली. पोरगी वर सामान लावत होती. तिनं जिन्याकडं बघितलं आणि हळू आवाजात सांगायला लागली. "तुमी त्यांची लेक म्हून सांगते. आजवर कुनाला बोलले न्हाई. धरणाच्या कामावर एक सुपरवायझर व्हता, तुमच्यातलाच. मी तिथं माणसांच्या भाकरी करायची. भात काढून झाला की लगीन करू म्हनायचा. मग मला दिवस गेलं आन् त्यो यायचाच बंद झाला. पोट पडलं तवा मावशीनं जुन्नरला आनलं. एका रविवारी. बाईंनी माझा हात धरला व्हता. इचारलं, कोन हाय? मी नाव सांगितलं, तशा त्या गपच झाल्या. लई येळ गप बसल्या. मी म्हनलं, बाई, घरी कळलं तर मला हिरीत ढकलत्याल. कुनाला सांगू नगा. तर म्हनल्या, न्हाई सांगनार. माझ्या पोटच्या पोरीलासुदिक न्हाई सांगनार." मग तिनं त्याचं नाव घेतलं.

बाई गं, मी कपात चहा ओतत होते. अर्धा खाली सांडला. ती म्हणाली, "भाजलं का ओ?" मी म्हटलं, नाही. त्याच्याशीच माझं लग्न ठरलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. ती निघाली तेव्हा माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "माझ्या पोरीला यातलं कायबी ठावं न्हाई. तुमच्या पदरात घातलीय." मी शब्द दिला. तू दिला होतास तसाच, पण कसलाही विचार न करता.

आणि शब्द देऊन आठवडा उलटला नाही तोच मी ते लिहून काढलं. लेखिका ना मी! अठ्ठावीस वर्षं ज्याच्यासाठी तडफडले ते कारण हातात आलं होतं. बाराव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहायचं बाकी होतं, आणि मी त्यात आईला उठवलं. पहिल्यांदा. मग कारणही लिहिलं: धरण, भाकरी, जीप, सगळं. नावं बदलली, गावं बदलली आणि मनाला समजावलं की झालं, आता कुणाला कळतंय. इतकं चांगलं मी आयुष्यात लिहिलेलं नाही. डीटीपीवाला फोनवर म्हणाला, "ताई, टाइप करताना डोळ्याला पानी आलं राव." मला कोण आनंद झाला. तुझी बाजू मी जगासमोर मांडणार होते, असं मला वाटत होतं. खरं तर माझी बाजू मांडायची होती. बघा, माझ्यात काही खोट नव्हती, एवढंच मला ओरडून सांगायचं होतं.

काल मी बाजारातून आले तर प्रूफांचं पाकीट फोडलेलं. पोरगी ओट्यावर पाय सोडून वाचत बसली होती. माझी चार पुस्तकं तिनं दोन महिन्यांत संपवली, होस्टेलच्या मुलींनाही तीच नेऊन देते. "सॉरी काकू, राहवलंच नाही. एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत आले, आता शेवटचंच राहिलंय." तिच्या आईनं धरणावर भाकरी केल्या, हे तिला माहीत असणारच. घरोघरी असल्या गोष्टी सांगतात. ओळखायला कितीसा वेळ लागला असता? मी तिच्या हातातून कागद ओढून घेतले. म्हटलं, "शेवटचं चुकलंय, परत लिहायचंय." ती हिरमुसून वर गेली. मी तिथंच ओट्यावर बसले आणि तुझ्यासारखी, लई वेळ गप बसले.

आज सकाळी मी कारण काढून टाकलं. सात पानं होती, चुलीत घातली. आपली जुनी चूल मी परसात ठेवलीय, पाणी तापवायला. आई उठते, हरकत आहे म्हणते, कारण सांगता येणार नाही म्हणते, आणि पुस्तक तिथंच संपतं. दुपारी नवीन पानांचे फोटो डीटीपीवाल्याला पाठवले. लगेच फोन. "ताई, आवो हे काय? कारन कुटं गेलं? बाया शिव्या घालतील तुमाला. आन् लगीनबी न्हाई?" मी म्हटलं, "नाही. असंच छापा." तो म्हणाला, "तुमचं पुस्तक, तुमची मर्जी. पन माझं ऐका, हे नाय चालनार." नसेल चालत. फक्त नवीन पानांचं प्रूफ बघून हो म्हणायचंय, ते मी हे लिहून झालं की म्हणेन.

मघाशी पोरगी कॉलेजातून आली आणि तिनं उभ्या उभ्या नवीन शेवट वाचला. असली चिडली! "काकू, ही कसली आई? पोरीच्या आयुष्याचं वाटोळं केलं आणि कारणसुद्धा सांगत नाही? मी असते ना, तर जन्मात माफ केलं नसतं." मी तिच्याकडं बघत राहिले. तिच्या आईसारखीच तिची हनुवटी पुढं येते, रागावली की. मी म्हटलं, "पोरगी माफ करणार नाही, हे तिला माहीत होतं, बाळा. तरी उठली." "मग सांगायचं ना, सोपं होतं!" म्हणाली आणि पाय आपटत जिना चढून गेली.

हे पत्र कुठं पाठवणार? घडी करून टेबलाच्या हलत्या पायाखाली सारते, पुठ्ठा तसाही झिजलाय. पण सारण्याआधी एक सांगायचं राहिलं. पोरगी म्हणते तसं ते सोपं नव्हतं, आणि हे तुला त्या बाकावरच कळलं होतं, मला कळायला एवढी वर्षं गेली. तू त्या दिवशी मला सगळं सांगितलं असतंस ना, आई, तरी मी त्याच्याशीच लग्न केलं असतं. म्हटलं असतं, ती धरणावरची पोरगीच तसली असेल. आणि तिचं नाव चार घरी जाऊन मीच सांगितलं असतं.