बसलेल्या घशाची परीक्षा

मधली वाडी, ता. लांजा
दि. ५ ऑगस्ट २०२४

चि. समीक्षा हिस आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहिणारा मी, सोनू बाबाजी गोताड, वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, मधल्या वाडीचा गावकर, म्हणजे गावकीचा प्रमुख. नात या नात्याने तू मला ओळखतेस. परंतु तुझ्या छापील संशोधनात माझा उल्लेख 'एक ज्येष्ठ ग्रामस्थ' एवढाच असल्याने ही ओळख देणे भाग पडले.

शैक्षणिक त्रैमासिक मिळाले. तुझ्या वहिनीने लेख वाचून दाखवला; नंतर चष्मा लावून मी स्वतः वाचला. आपल्या शाळेवर असताना तू मुलांना रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पडवीत मोठ्याने वाचायला बसवलेस आणि त्यांच्या वाचनाची गती दुप्पट झाली, असे तू लिहितेस. नाव छापून आले याचा अभिमान आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यास अंक दाखवतो. तथापि आक्षेप नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

मुलांची पहिली परीक्षा तू गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी घेतलीस. आपल्याकडे घरोघरी आरत्या, रात्री जाखडीचा नाच. त्या दिवशी वाडीत धड आवाज कोणाचा होता? तुझी भाची सानवी ताकही खुणेने मागत होती. दुसरी परीक्षा तू डिसेंबरात घेतलीस, तेव्हा घसे मोकळे झाले होते. बसलेला घसा सुटला आणि श्रेय पडवीला मिळाले. सबब तुझी पद्धत फोल ठरते.

शिवाय पहिल्या परीक्षेतील मंद वाचनाचे कारण तू 'पालकांची उदासीनता' असे दिले आहेस. तुझा दादा मुंबईहून रोज फोनवर सानवीला धडा विचारतो. तुझी वहिनी दर्शना चुलीपुढे बसून तिचे पाढे घेते. ते वाक्य दर्शनाने पुन्हा एकदा वाचले आणि मग पुढे वाचू लागली. तिच्या वतीने मी लिहितो.

शेजारचा सदू सांगतो की येत्या सतरा तारखेस लांज्याला शिक्षकांच्या सभेत तुझा सत्कार आहे आणि ही पद्धत तालुक्यातील सर्व शाळांना लागू होणार आहे. तत्पूर्वी विचार करावा. फोनवर बोललेले वाऱ्यावर जाते, म्हणून पत्र. आक्षेप कडक असले तरी माया आहे तेवढीच आहे.

तुझे आजोबा


रत्नागिरी
दि. ९ ऑगस्ट २०२४

ती. आजोबांस समीक्षाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला. मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ भांडले. मग तो दिवस आठवला. त्या दिवशी माझाही आवाज बसला होता, आजोबा. वाचन कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे, हे मी मुलांना हातानेच दाखवत होते. गणपतीनंतर घसा बसणे आपल्याकडे इतके नेहमीचे, की त्याची नोंद करायची असते हे सुचलेच नाही. बाहेरगावची बाई असती तर तिला लगेच खटकले असते. बाकी आरतीच्या वेळी मुलांना, जेवलात नाय काय, असे विचारून ओरडायला लावणारे ज्येष्ठ ग्रामस्थ कोण, हेही लेखात यायला हवे होते.

पण पद्धत फोल, हे मला मान्य नाही. वाचून झाल्यावर मुलांनी प्रश्नांची उत्तरे लिहिली होती. त्याला घसा लागत नाही. तीही डिसेंबरात सुधारली होती.

'उदासीनता' या शब्दाबाबत मात्र चूक माझीच. सगळे तसेच लिहितात, म्हणून मीही लिहिले. वहिनीला कसे तोंड दाखवू? सभेत हे सांगितले तर सत्कार राहील बाजूला, आणि जे हसतील त्यांच्याबरोबरच मला पुढे नोकरी करायची आहे. काय करू, ते कळवा. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची समीक्षा


मधली वाडी
दि. १३ ऑगस्ट २०२४

चि. समीक्षास आशीर्वाद.

लेखी उत्तरांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. 'फोल' हा शब्द मागे घेत आहे.

गावकीत जमिनीची मोजणी चुकली तर बांध मोडत नाहीत. दोन्हीकडचे शेजारी उभे करून पुन्हा मोजतात. तूही तसे करावेस, आणि सभेत आपल्या तोंडाने सांगावेस. हसणारे चहा येईपर्यंत हसतील.

वहिनीला तोंड दाखवण्यासाठी गणपतीला घरी यावे. तिने तुझ्यासाठी फणसाच्या आठळ्या सुकवून ठेवल्या आहेत.

तुझे आजोबा


रत्नागिरी
दि. ५ डिसेंबर २०२४

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

घरी आले तेव्हा वहिनीसमोर सगळे बोलणे झाले नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. सभेत सांगितले तेव्हा मागच्या रांगा हसल्या. पण एक मुख्याध्यापक उठून म्हणाले की त्यांच्या शाळेतही गणपतीनंतर आठवडाभर कविता म्हणून घेत नाहीत. मग पद्धत सर्वांवर लादायची नाही, आधी पुन्हा मोजायचे, असे ठरले. दोन शाळा घेतल्या. एकीला पडवी, दुसरीला नाही. गणपतीआधी मोजले, गणपतीनंतर मोजले आणि दिवाळीनंतरही मोजले.

पडवी नसलेली मुले वाचनात गणपतीनंतर खाली आली आणि आपसूक पुन्हा वर गेली. पडवीवाली त्यांच्यापेक्षा थोडी पुढे गेली. दुप्पट नव्हे, थोडी. पण हे थोडे कोणीही येऊन मोजावे, मला भीती नाही. जूनपासून आणखी काही शाळा आपणहून हे करणार आहेत.

त्रैमासिकात दुरुस्ती छापून येईल. 'उदासीनता' काढली. त्या जागी, पालकांना मी काहीच विचारले नव्हते, असे लिहिले. वहिनीला फोनवर वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली, "मग आता विचार."

पुढच्या आठवड्यात येते विचारायला. तोवर तुम्हीही सानवीसमोर एक उतारा वाचा. चौथी उत्तीर्णांची गती कळू द्या. रागावू नका, रागावलात तरी पत्र पाठवा.

तुमची समीक्षा


मधली वाडी
दि. १६ डिसेंबर २०२४

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

तू आलीस आणि दर्शनाशी संध्याकाळभर ओटीवर बोलत बसलीस. काय बोललात हे मी विचारले नाही. त्यानंतर ती तुझा जुना अंकही पाहुण्यांस दाखवू लागली आहे, एवढे नमूद करतो.

तुझ्या सूचनेप्रमाणे काल संध्याकाळी मी आपल्या पडवीत परीक्षेस बसलो. धुतलेला सदरा, टोपी घातली. सदूने घड्याळ धरले. पहिले वाक्य पुरे होते न होते तोच सानवीने पुस्तक मिटले. आदल्या रात्री दत्तजयंतीचे भजन झाले होते आणि माझा आवाज बसला होता. ते मी कोणास कळू दिले नव्हते. तिने निर्णय दिला की असल्या घशाची परीक्षा धरत नाहीत, आजोबांनी गरम पाणी प्यावे आणि बरे वाटल्यावर यावे. मी हरकत घेतली. ती फेटाळण्यात आली.

परीक्षा पुढे ढकलली, हे वर लिहिल्याप्रमाणे खरे आहे. तुझ्यावर आमचा जीव आहे, हेही.

सोनू बाबाजी गोताड

समक्ष हजर:
सौ. दर्शना गोताड, पालक
सदू भुवड, शेजारी
कु. सानवी गोताड, परीक्षक