आधी कोणतं शिकावं?

३ डिसेंबर २०१७, वलगाव
ऐतिहासिक दिवस! अकोल्याहून अजहरचा फोन. कॉलेजचा दोस्त. जठारपेठेत वेबसाइट बनवायचं ऑफिस काढलंय त्यानं. म्हणाला, "अनुप, फ्रंट-एंडचं, म्हंजे वेबसाइटचा दिसनारा भाग बनवायचं, एक फ्रेमवर्क शिकून ये, कोन्तंबी. फेब्रुवारीत जागा तुझीच." यंदा बोंडअळीनं आमची कपाशी खाल्ली. घराला आता माझाच आधार. उद्यापासून अँग्युलर नावाचं फ्रेमवर्क!

५ डिसेंबर
अँग्युलर रद्द. फार जड. रिअ‍ॅक्ट!! आईला सांगितलं, नोकरी पक्की. तिनं गल्लीत सांगूनही टाकलं.

११ डिसेंबर
रिअ‍ॅक्ट उत्तम. पण यूट्यूबवर एक जण म्हणतो, पुढचा जमाना व्ह्यूचा. घाई नको. तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायला घेतला. रंग अप्रतिम जमलेत.

२४ डिसेंबर
बाबांनी विचारलं, "तू नेमकं काय शिकून राहिला बे?" म्हणालो, शिकण्याआधी निवडावं लागतं. म्हणाले, "पेरणीले एवढा इचार केला असता तं पाऊस निघून गेला असता." बाबांना टेक्नॉलॉजी कळत नाही.

९ जानेवारी २०१८
दुपारी मी डोकं शांत करायला झोपतो, तेव्हा धाकटी माधवी लॅपटॉप घेते. रिअ‍ॅक्ट शिकते म्हणे! काहून रिअ‍ॅक्टच? तर, "पयला व्हिडिओ त्याचाच लागला, दादा." हसून पोट दुखलं. पोरीला पद्धत म्हणून नाही. माझा तक्ता वाचायला दिला.

६ फेब्रुवारी
अकोला. माधवीलाही नेलं, मुलाखत कशी देतात ते कळेल. अजहर म्हणाला, "मंग, कोन्तं शिकला?" मी तिन्हींची बाजू मांडली. अशी मांडली की शेजारचा दुकानदार ऐकायला आला! अजहर म्हणाला, "झकास. आता एक पेज बनव. नाव टाकायचा चौकोन अन् एक बटन." विचारलं, कशात बनवू? "कशातबी बनव ना भाऊ." योग्य पर्यायाचा विचार चालला होता, तेवढ्यात माधवीनं कीबोर्ड ओढला. थोड्या वेळानं बटन दाबलं. पडद्यावर आलं: नमस्कार, अजहरभाऊ.
अजहरनं चहा सांगितला. माझ्याकडे बघितलं नाही.

१२ फेब्रुवारी
जागा माधवीला. माझ्याच मार्गदर्शनाचं फळ. बाबांना तसं सांगितलं. ते उठून गोठ्यात गेले.
सकाळी तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीपाशी उभं राहून नीट समजावलं, रिअ‍ॅक्टवर अडकून राहू नको, व्ह्यूकडेही लक्ष ठेव. ती हसून मान हलवत होती. मलाही भरून आलं.
बस वळल्यावर दिसलं, तिच्या कानात इअरफोन होते.